टिटवीवरची चंद्राक्का

१९५८ च्या डिसेंबरातला दुसरा रविवार. मालवणचा धक्का, सकाळ. हजर : सुकाणूवर चंद्राक्का. मोठ्या शिडाच्या दोराला नलू, दवाखान्यातली नर्स. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाण्याची खोली मोजायला, सुमती. प्राथमिक शाळेत शिकवणारी, आमच्यात सर्वांत लहान. पुढच्या शिडाला मी, शालू, मुलींच्या शाळेच्या कचेरीत कारकून. धक्क्यावर चंद्राक्काचा धाकटा भाऊ वसंत, रजा काढून मुंबईहून आलेला. आणि अण्णा तांडेल, ज्यांच्या होकाराशिवाय बंदरात शर्यतीचा नारळ फुटत नसे. गैरहजर : कोणी नाही. त्या दिवशी जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि बहुधा म्हणूनच पुढे त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

हजेरी घेतल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट सांगता येत नाही. चंद्राक्का त्यावरून मला छळायची. होडीवर न्यायच्या सामानाची यादी मी तिला मोठ्याने वाचून दाखवत असे : पाण्याचं मडकं, काथ्या, सुरी, टिंक्चर, कोरडी लुगडी. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सगळा लिवलंस गो शालू. दर्यो लिवलंस काय?"

ती माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. उंच, खांद्यांनी रुंद, नऊवारीचा काष्टा असा घट्ट की वाऱ्यात बाकी सगळ्यांचं काहीतरी फडफडायचं, तिचं काहीच नाही. गालात एक सुकं आमसूल कायम. होडीत पाय टाकण्याआधी ती बाहेरून प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने ठोकायची, डॉक्टर छाती ठोकून बघतात तशी, आणि कान देऊन ऐकायची. समुद्रात तिला कशाची भीती वाटलेली मी पाहिली नाही. घरात मात्र पाल दिसली की पडवीत येऊन उभी राहायची आणि शेजारच्यांना हाका मारायची. तिचं लग्न झालं होतं. त्याबद्दल तिने मला एकदाच सांगितलं, तेही न विचारता : "घोव बरो होतो. खलाशी वायट." तो कुठे बुडाला हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

होडी तिच्या वडिलांची. ते मुंबईच्या गोदीत सुतारांचे मुकादम होते. देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाने आपली सैरसपाट्याची शिडाची यॉट त्यांच्या गळ्यात मारली, आणि ते ती किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणला घेऊन आले. आत झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, पितळी कड्यांच्या खिडक्या. आमच्या मचव्यांपेक्षा ती वेगळी होती ती पाण्याखाली. तळाला शिशाचा जाड, खोल कणा. त्यामुळे ती वाऱ्यात कितीही झुकली तरी उलटत नसे. पण मचवा जिथून सहज जाई तिथे हिला पाणी पुरत नसे. नाव कुठल्याशा पक्ष्याचं होतं. वडिलांनी तो पक्षी कोणता ते विचारून घेतलं आणि नाळेवर सरळ मराठीत रंगवलं : टिटवी.

आमच्याकडे टिटवी घरावरून ओरडत गेली तर माणसं दारात येऊन तिला शिव्या देतात. होडीला ते नाव बघून बंदर हबकलं. वडील गेल्यावर अण्णा तांडेल मुद्दाम घरी आले.

"चंद्रे, नाव बदल. सुतक सांगणारा पाखरू ता."

"अण्णानु, टिटवी वराडता म्हणान मरण येणा नाय," चंद्राक्का म्हणाली. "मरण येताना तिका आधी दिसता, म्हणान ती वराडता. असली एक तरी होडयेत होयी."

अण्णांनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले.

वसंताच्या लेखी होडी म्हणजे खाली शिसं आणि वर सागवान. शिशाला मुंबईत गिऱ्हाईक होतं. सागवान घराच्या छपराला लागणार होतं. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. छप्पर खरोखरच गळत होतं. पण चंद्राक्का रोज संध्याकाळी जाऊन त्या होडीत बसायची, स्टोव्हवर कोरा चहा करायची, आणि आमच्यापैकी कोणी गेलं की आम्हाला द्यायची. तिच्या मालकीची म्हणावी अशी जगात तेवढीच एक जागा होती, आणि कागदावर तीही नव्हती. शर्यतीच्या आधीच्या गणपतीत वसंत आला तेव्हा धक्क्यावर चारचौघांत हा विषय निघाला.

"आक्का, बायल माणसांन होडी ठेवन काय करूचा? खाडयेत तिसऱ्यो काढूक जातलंस?"

"शर्यतीक जातलंय."

माणसं हसली. वसंतही हसला, आणि हसता हसता अडकला. "बरा. पयल्या तिनांत आणलंस तर होडी तुझी. शिशाचा नाव काढूचो नाय."

"आणि नाय आणलंय तर?"

"तर दुसऱ्या दिवशी शिसा तोडूक लोहार येतलो."

"अण्णानु, आयकलात मा?"

"आयकलंय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

आम्ही तिघी कशा सापडलो ते थोडक्यात सांगते. नलूला पोहता येत होतं. सुमतीला कशाचीच भीती नव्हती. मला वेळेवर यायची सवय होती. एवढ्या भांडवलावर तिने आम्हाला उचललं. मात्र पहिल्या दिवशी फजिती झाली. चौघी बायका, चौघींना मतं. नलू म्हणे दोर सोड, मी म्हणे ओढ, सुमती नाळेवरून तिसरंच काही. टिटवी गोल फिरली आणि किनाऱ्याला लावलेल्या रापणीच्या जाळ्यात जाऊन बसली. तिथल्या म्हाताऱ्याने डोक्याला हात लावला. "गे बायांनु, बाजार करूक इलात काय?"

दुसऱ्या दिवशी चंद्राक्काने आम्हाला होडीत बसवलं आणि म्हणाली, "होडयेत एकच तोंड. बाकीचे हात." आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक माणूस देवासमोर बोलतो आणि भोवतीचे सगळे प्रत्येक वाक्यावर एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून तो ताल अंगात मुरलेला. समोरचं वाक्य पुरतं ऐकलं नाही तरी 'व्हय' बरोबर जागेवर पडतं. चंद्राक्काने होडीचे सगळे हुकूम त्या तालावर बसवले.

"बा देवा म्हाराजा, आता वारो फिरलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"नलूचो दोर ढिलो आसा, तो ती ताणून घेतली!"

"व्हय म्हाराजा!"

'व्हय' तोंडातून निघालं की हात आपोआप हलत. मत मध्ये येत नसे. महिन्याभरात टिटवी अशी वळू लागली की किनाऱ्यावरची माणसं हातातलं काम थांबवून बघत. आम्हाला त्यात मजा वाटे. एकदा ती त्याच सुरात म्हणाली, "आणि आज शालू सगळ्यांका भजी घालतली!" व्हय म्हाराजा. मीही म्हटलं, आणि घरी जाऊन कढई चढवली. दुसऱ्या एका दिवशी, "आणि नलू आता आसा तशी पाण्यात उडी घेतली!" व्हय म्हाराजा, म्हणत नलूने खरोखर उडी घेतली, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीसकट. चंद्राक्काने तिला वेणीला धरून वर ओढलं. हसून हसून आमच्या पोटात दुखलं.

धक्क्यावर उतरलो तेव्हा अण्णा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"चंद्रे, गाऱ्हाण्यात 'व्हय' कोणाक म्हणतत?"

"देवाक."

"तू देव न्हय."

"होडयेत आसंय," चंद्राक्का म्हणाली, आणि पदराने हात पुसत पुढे गेली. ती थट्टेत बोलली होती. अण्णांनी समुद्राकडे बघून हात जोडले, ते थट्टेत नव्हते.

शर्यतीचा मार्ग सोपा : धक्क्यावरून निघून दक्षिणेला देवबागच्या खाडीच्या तोंडापर्यंत, तिथे खुणेसाठी नांगरलेल्या पडावाला वळसा, आणि परत. सकाळी मतलई वारा, जमिनीवरून येणारा. तो टिटवीला मानवला. मचवे जड होते, माणसं भरलेली. आम्ही चौघी होतो आणि एकच तोंड होतं. खाडीपाशी वळसा घेताना आमच्या पुढे चार शिडं होती. परतीला वारा पडला, मग पश्चिमेकडून खारा वारा उठला आणि टिटवी त्याच्यावर कलून धावू लागली. एक मचवा मागे पडला. मग दुसरा. आता आम्ही तिसऱ्या होतो. मी मागे वळून चंद्राक्काकडे पाहिलं. तिने गालातलं आमसूल थुंकून टाकलं होतं. तसं तिने आधी कधी केलं नव्हतं.

बंदराच्या तोंडाशी दोन खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, आहेत. एक उघडं, त्याच्यावर पाणकावळे बसतात. दुसरं बुडकं, ओहोटीला त्याची पाठ दिसते, भरतीला काही दिसत नाही. दोन्हींच्या मधून एक वाट आहे. मचवे तिथून जातात. टिटवी कधीच गेली नव्हती. पुरत्या भरतीला गेली असती कदाचित. त्या वेळी भरती अर्धीच चढली होती. बाहेरून वळसा घालणं हा आमचा ठरलेला रस्ता.

पण मागे टाकलेला मचवा मधल्या वाटेकडे वळला. त्याच्यावरच्या पोरांनी आरोळी दिली, "आक्का, लोहाराक सांगावो धाडूया काय?" तो मधून गेला असता तर आमच्या पुढे निघाला असता, आणि मग तिसरी जागा संपली होती. चंद्राक्काने सुकाणू ओढलं. टिटवीची नाळ वाटेकडे फिरली आणि आम्ही त्याच्या आधी तोंडाशी आलो.

सुमती पालथी पडून शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडत होती. त्या दोरीला गाठी होत्या. कुठली गाठ ओली झाली म्हणजे टिटवीला पुरेसं पाणी, हे चंद्राक्काने तिला शंभरदा पढवलं होतं. मला दोरी दिसत होती. पाणी हिरवं होतं आणि फार गुळगुळीत होतं. मागच्या मचव्यावरचा आरडाओरडा एकदम थांबला.

"सुमती, पाणी आसा काय?"

तिने विचारलं. हुकूम नव्हता तो, प्रश्न होता. पण महिनोन्‌महिने ज्या सुरात ती बोलत आली होती त्याच सुरात तो आला, तितकाच लांब, तिथेच उतरणारा. आणि आम्ही तिघी एका आवाजात म्हणालो :

"व्हय म्हाराजा!"

सुमतीही म्हणाली. म्हणताना तिच्या हातातली गाठ कोरडी होती. तिने ती पाहिली आणि वळून तोंड उघडलं, पण तोवर टिटवी वाटेत शिरली होती.

आवाज मोठा झाला नाही. खालून कोणीतरी होडी हाताने धरावी तशी ती थांबली. वरचं सगळं मात्र पुढे जात राहिलं. डोलकाठी वाकली, दोर सुटले, सुमती नाळेवरून उडून खडपावर आपटली आणि पाण्यात गेली. नलूने मागोमाग उडी घेतली. ह्या खेपेला तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पायांशी फळ्यांच्या फटीतून पाणी येत होतं, शांतपणे, ताटात आमटी पसरावी तसं.

मागच्या मचव्यावरच्या त्याच पोरांनी शीड पाडलं, शर्यत सोडली आणि आम्हाला काढलं. सुमतीचा खांदा मोडला होता, पण शुद्ध होती. "तोंडान सांगला," ती सारखी म्हणत होती, "हातान नाय. आक्का, हातान नाय सांगलंय." चंद्राक्का सुकाणू सोडीना. शेवटी पोरांतला एकजण म्हणाला, "आक्का, आता ह्या सुकाणू कोणाक व्हया?" तेव्हा ती उठली, आणि मचव्यात आमच्याकडे पाठ करून बसली.

धक्क्यावर वसंत होता. मला वाटलं टोमणा मारील. त्याने बहिणीच्या अंगावर आपला कोट घातला आणि म्हणाला, "माणसा वाचली. बरा झाला." लोहार आला नाही. यायची गरज उरली नव्हती. काही दिवस टिटवी बुडक्या खडपावर कलंडून होती. मग समुद्राला उधाण आलं आणि ओहोटीला पाहिलं तर तिथे काही नव्हतं. शिशाचा कणा दोन खडपांच्या मध्ये कुठेतरी आहे. तो काढायला कोणी उतरलं नाही.

चंद्राक्का आमच्यापैकी कोणावरही रागावली नाही. सुमतीच्या उशाशी बसून एवढंच म्हणाली, "तुझी चूक न्हय गो. 'व्हय' मीच शिकवलंय. 'नाय' शिकवूक इसारलंय." आणि त्या दिवसापासून ती वेगळीच माणूस झाली, असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. ती तितकीच हट्टी राहिली; हट्ट फक्त उलटा फिरला.

तिला आता होकार सहन होत नसे. कोळणीला विचारायची, "बांगडे ताजे?" कोळीण म्हणायची, "व्हय तर!" मग चंद्राक्का तिच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "आता एकदा नाय म्हण बघूया." बाजार हसायचा. कोळीण शिव्या द्यायची. पण काहीजणी दुसऱ्या टोपलीतले बांगडे काढून देत.

नलूच्या लग्नाचं ठरलं तेव्हा आम्ही तिच्या मामाकडे होतो. मुलाकडची माणसं बसलेली, पोहे झालेले. मुलगा पसंत का, असं मामांनी विचारलं आणि नलूने मान खाली घालून "होय" म्हटलं. सगळे सुटकेचा श्वास घेत होते, एवढ्यात चंद्राक्का कोपऱ्यातून म्हणाली, "नलू, आता नाय म्हण. जीभ वळता काय ता बघ नुसता."

"चंद्राक्का, ही काय थट्टा?" मामा म्हणाले.

"थट्टा न्हय. म्हण गो."

नलू म्हणाली, "नाही." आणि मग तिला रडू फुटलं, आणि ती परत परत तेच म्हणू लागली. लग्न मोडलं. मामांनी चंद्राक्काला घराची पायरी बंद केली. नलू बदली घेऊन कुडाळला गेली, अजून तिथेच आहे, आणि त्या संध्याकाळबद्दल तिने चंद्राक्काला कधी दोष दिला नाही. आभारही मानले नाहीत.

देवळातलं मात्र लोकांना खुपलं. जत्रेत गाऱ्हाणं सुरू झालं, चारी बाजूंनी "व्हय म्हाराजा" उठलं की ती माझ्या शेजारी ओठ मिटून उभी असे. एका वर्षी गाऱ्हाणं घालणारे मध्येच थांबले. "कोणाचा तरी 'व्हय' कमी पडता," ते म्हणाले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती हलली नाही. त्या पावसाळ्यात दोन होड्या परत आल्या नाहीत आणि लोकांनी त्या तिच्या माथी मारल्या. तिच्या पडवीवर दगड आले. तिने ते गोळा करून तुळशीपाशी रचले.

आणि काठी. वादळी महिने सरले, समुद्र निवळला, की अमावास्येच्या खोल ओहोटीला चंद्राक्का अण्णांची लहान होडी मागून घेई, एक लांब, पिकलेला बांबू आणि पांढरं फडकं घेऊन बुडक्या खडपावर जाई, आणि तिथल्या एका भेगेत दगड ठोकून तो बांबू उभा करी. पुढच्या पावसाळ्यात समुद्र तो घेऊन जाई. ती परत लावी. बंदराच्या कचेरीने ती खूण कुठे नोंदवली नाही. आधी खलाशी हसले. मग हळूहळू त्या काठीच्या बाहेरून जाऊ लागले, आणि शेवटी नवीन पोरांना सांगू लागले, "आक्काचे काठयेच्या भायरसून." मी एकदाच तिच्याबरोबर गेले. ती कमरेपर्यंत पाण्यात, भेगेत दगड ठोकत होती. म्हणाली, "शालू, माणूस 'नाय' म्हणाक भिता. काठयेक भय नाय." मी होडी धरून होते आणि मला तिथे थांबवत नव्हतं. खाली हिरव्या पाण्यात काहीतरी लांबट, काळं दिसत होतं. ते शिसं असेल. नसेलही.

१९६७ च्या मे महिन्यात ती आजारी होऊन मुंबईला निघाली. वसंत न्यायला आला होता. पाय सुजलेले, काष्टा जाऊन साधं लुगडं, तेही सैल. बोट दूर उभी होती. उतारूंना पडावातून तिथवर नेत. मी धक्क्यावर होते. वसंत तिला बस बस म्हणत होता आणि ती एका हाताने त्याचा खांदा धरून उभीच. पडाव खडपांपाशी पोचला, काठीच्या बाहेरून वळला. तिथून ती आमच्याकडे बघेल असं मला वाटलं. ती काठीकडे बघत होती. पडाव पुढे गेला तशी तिची मान मागे वळत गेली, आणि मग बोटीच्या आड सगळं दिसेनासं झालं. पावसाळ्यात ती गेल्याचं वसंताचं पत्र आलं. त्याच पावसाळ्यात काठीही गेली.

आता पुढचं. बांबू तोडून आणला आहे. माझ्या पडवीत आहे. फडकं दुमडून शिवलं आहे. अण्णा थकले आहेत, पण होडी द्यायला तयार आहेत. सुमती येते म्हणाली, एका हाताने जे होईल ते करीन म्हणाली. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला वारा होता. दुसऱ्या अमावास्येला शाळेची तपासणी निघाली. काल दुपारी वरच्या बंदरांकडची एक नवी यांत्रिक होडी दोन खडपांच्या मधून आत आली. भरती पुरी होती, म्हणून आली. सुकाणूवरच्या माणसाने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आठवडाभर इथे राहणार आहे, त्याच वाटेने ये-जा करणार आहे.

काठी लावायची आहे.